छत्तीस झाडं

आठव्या दिवसाची फिदाऊ झाली.
पाहुणे आमाला जेवून, हात धुऊन गेले,
आणि इवोतल्या आमच्या गंजक्या पत्र्याखाली
उरलो आम्ही, एक चटई,
आणि बाबांची छत्तीस कोकोची झाडं.

झाडं काही घरात आणता येत नाहीत.
आल्फा लावानींनी त्यांच्या जागी कोलाच्या बिया मांडल्या,
लालसर, अजून ओलसर,
जणू रानातून छत्तीस जण सांगावा घेऊन आलेत.
"आधी कर्ज," ते म्हणाले.
पत्रेवाल्याचे पैसे आईने कालच देऊन टाकले होते.
मग म्हणाले, "आता वारस."
आणि थांबले.

अबोसेदे उंबऱ्यावर बसली होती,
आत नाही, बाहेर नाही.
आठवड्याच्या पहिल्या दिवशी जन्मली
म्हणून बाबांनीच ठेवलेलं नाव.
पुढे लग्न झालं आणि ती रविवारचीच झाली.
बाबा त्यावर एकदाच हसले होते,
नंतर बरेच दिवस हसले नव्हते.

"धर्म वेगळा झाला की वारसा ओलांडत नाही,"
आल्फा खाली बघत म्हणाले.
त्यांच्या दोन सख्ख्या बहिणी चर्चला जातात,
गल्लीत सगळ्यांना माहीत आहे.
डॉक्टर वाईट बातमी सांगतात तसे बोलले,
कागद आपला नाही, अशा आवाजात.

ओजेतुंदे काका खाकरले.
त्यांच्या खोलीत पूर्वजांच्या मुखवट्याची वस्त्रं टांगलेली असतात.
त्यांच्या सणाला बाबा दरसाल बोकड द्यायचे
आणि त्या दिवशी मशिदीत
जरा जास्त वेळ बसायचे.
"आमच्या जुन्या रीतीत," काका म्हणाले,
"एका मांडीवर वाढलेली पोरं सारखीच."
"ती रीत हवी तर तीही आहे," आल्फा म्हणाले,
"पण मला बोलावलंत ते पुस्तकासाठी."

मग त्यांनीच बारा बिया बाजूला सरकवल्या.
"पुस्तकात भिंत आहे, तशी खिडकीही आहे.
तिसरा हिस्सा माणूस मरण्याआधी
वारस नसलेल्याला बोलून ठेवू शकतो.
बोलला होता का तो?"

"बोलला होता," काका म्हणाले. "माझ्यासमोर.
ओढ्याकाठची बारा, अबोसेदेला."
आल्फांनी कपाळ चोळलं.
साक्षीदार दोन लागतात, आणि मुसलमान लागतात.
काकांची जीभ खरी होती,
पण या चटईवर तिचं वजन भरत नव्हतं.

कोणी बोलेना.
आई ताटातलं तांदळाचं एक शीत
बोटाने इकडून तिकडे ढकलत राहिली.

मुइनू माझा भाऊ.
बारा झाडं परत आली तर त्याची सात वाढणार,
मलाही साडेतीन.
हे गणित मी मनात केलं होतं. खोटं का बोलू?
त्यानेही केलं असणार.
तो टोपी काढून परत घालतो तसं दोनदा केलं
आणि भिंतीला म्हणाला,
"मी दारामागे होतो. मीही ऐकलं."

सात दिवस त्याने ते पोटात ठेवलं होतं.
का, ते कोणी विचारलं नाही.
आल्फांनी माझ्याकडे पाहिलं, आईकडे पाहिलं.
"वारस कबूल असतील तर साक्षीचं अडत नाही."
आई म्हणाली, कबूल.
मीही म्हणाले,
जरा उशिरा.

उरल्या चोवीस.
आईला तीन, मुइनूला चौदा, मला सात.
सात म्हणजे चौदाचे अर्धे,
एवढं मला कोणी शिकवावं लागलं नाही.
मी त्या बियांकडे बराच वेळ पाहत बसले,
आणि आल्फांना ते दिसलं,
आणि ते काही बोलले नाहीत.

अबोसेदे उठली, तिने सगळ्यांना पाणी दिलं.
आल्फांना आधी, मग काकांना.
काकांनी एक बी फोडून चघळली,
कोणाच्या वाट्याची ते न बघता.
दारातली शेळी आत आली
आणि मुइनूच्या दोन घेऊन गेली.

संध्याकाळी चटई झटकली तेव्हा
एकतीस सापडल्या.
झाडं मात्र छत्तीसच आहेत.
ओढ्याकाठची बारा पावसाळ्यात गुडघाभर पाण्यात असतात,
तिकडे तोडणीला मीच जाते.
अबोसेदेला चिखल सोसत नाही.