पाणी जोखणं

ते मार्चमध्ये येतात. गोचिड्या सुटायच्या आधी,
रानाला पालवी यायच्या आधी,
जमिनीची हाडं उघडी असतात तेव्हा.

कर्टिस लिंडगार्ड डॅलसहून आला
तो एक तक्ता घेऊनच. सतरा रकाने.
महामार्गापासून अंतर. अणुभट्टीपासून अंतर, वाऱ्याची दिशा.
दर चौरस मैलाला माणसं किती:
जितकी कमी, तितके गुण जास्त.

मी टार्किन काउंटीच्या दस्तनोंदणीत
खिडकीच्या आतल्या बाजूला बसते, एकोणीस वर्षं.
त्यानं विचारलं, इकडे चोऱ्या किती होतात?
म्हटलं, गेल्या वसंतात लॉयल फेंटनची शिडी गेली,
नोव्हेंबरात परत आली. रंग लावून.
त्याचं पेन थांबलं.
शिडीसाठी रकाना नव्हता.

मातीला त्यानं दहापैकी तीन दिले. खरं आहे.
ओझार्कमध्ये नांगर घातला की बटाट्याएवढे दगड निघतात
आणि गोटीएवढे बटाटे.
जळण, नऊ: ओक आहे, हिकरी आहे.
हरणं, आठ.
इस्पितळ बावन्न मैलांवर, तिथे काहीच नाही.
आणि झरा. जुन्या प्रूइटच्या चाळीस एकरांतला,
जानेवारीतही न गोठणारा.
दहापैकी दहा.
पुढे लिहिलं, ‘स्वतंत्र स्रोत’,
खाली दोन रेघा.

ऑर्फा स्टिलवेल मागे रांगेत होती,
एका हातात कराची नोटीस,
दुसऱ्यात अंड्यांचा खोका.
ती ऐकत होती. खरं तर त्याचं पाणी जोखत होती,
मला तेवढं कळतं.

म्हणाली, चौऱ्याहत्तर साली विद्यापीठाची पोरं आली.
आमच्या वरच्या कुरणात एक खळगा आहे, पाणी गिळणारा.
त्यात त्यांनी बादलीभर हिरवा रंग ओतला.
पाचव्या दिवशी
अकरा मैलांवर, डोंगरापलीकडे,
वेर्ना हॅस्केलच्या न्हाणीत हिरवं पाणी आलं.
हॅस्केलांशी आमचं बोलणं नव्हतं,
एका खेचराच्या सौद्यापासून, माझ्या लग्नाच्याही आधीपासून.
पाण्यात पाहायचो आम्ही त्यांना.
आणि मेलेली वासरं, रंगाचे डबे, सासूबाईंची शेवटची गादी,
सगळं त्याच खळग्यात टाकायचो.

कुणी काही बोललं नाही. छापयंत्र घरघरत होतं.

कर्टिसनं दहाचा आकडा खोडला.
त्या जागी काय लिहावं हे सुचेना बहुतेक.
मग म्हणाला, प्रूइटच्या झऱ्याचं पाणी येतं कुठून?
कोण जाणे, ऑर्फा म्हणाली.
कुणाच्या तरी खळग्यातून.
वर माणूस बरा असावा लागतो.
तिनं अंडी त्याच्याच हातात दिली
आणि करासाठी पुढच्या खिडकीकडे गेली.

दस्त मीच नोंदवते, त्यामुळे मला माहीत आहे:
तिसऱ्या हिवाळ्यात बहुतेक जमिनी परत विकायला येतात.
सोबत जनरेटर, बरण्या, न उघडलेले गव्हाचे पिंप.
राहतात त्यांच्यात काय वेगळं असतं, सांगता येत नाही.
एकाला तर धड लाकूडही फोडता येत नव्हतं,
पण गावातल्या प्रत्येक मयताला
खुर्च्या मांडायला तो सगळ्यांत आधी हजर असायचा.
अजून आहे इथे.

एप्रिलात प्रूइटचा दस्त झाला. चाळीस एकर,
झरा एक, खळगा एक.

काल कर्टिस पुन्हा आला. कराची मुदत अजून लांब आहे.
त्यानं विचारलं, माझ्या खळग्याचं पाणी कुणाकडे जातं,
याची नोंद असते का कुठे?
नाही, म्हटलं. रंग ओतावा लागेल.
तो मान हलवत उभा राहिला थोडा वेळ,
बुटांवर ओली लाल माती.
मग विचारलं, ऑर्फाबाईंचं घर कोणत्या रस्त्याला?
त्याच्या काखेत
अंड्यांचा रिकामा खोका होता.