टिंब धुरा ओलांडत नाही

रात्री साडेअकराला लाइन आली
तशी मी पुन्हा उघडली नळयोजनेची साइट.
एकोणचाळीस तक्रारी,
एकोणचाळीसच्या एकोणचाळीस सारख्याच:
"साहेब, नमस्कार."

दुपारी चंद्रकला उईके ग्रामपंचायतीत विचारून गेली,
"काहून बाप्पा, नमस्काराच्या खालचं
माहं कुठी गेलं?"

माझ्या रेगेक्समध्ये टिंब, टिंबापुढे चांदणी.
टिंब म्हणजे कोणतंही अक्षर, असं शिकलो होतो पुसदला.
ओळ मोडते तिथेही एक अक्षर असते, न दिसणारं.
टिंब तिथे थबकते,
डवऱ्याचा बैल धुऱ्याशी थबकतो तसं.

शेवटी एक एस टाकला.
टिंब धुरा चढलं
आणि थांबेचना. चंद्रकलाच्या नमस्कारापासून
थेट डोमाजी कुमरेच्या सहीपर्यंत
सारं गाव एकच तक्रार.

मग चांदणीला प्रश्नचिन्ह जोडलं.
पहिली सही दिसली की पुरे, हावरटा.

पहाटे पडद्यावर उतरलं:
"साहेब, नमस्कार.
टाकी भरते, आमच्या टोल्यात पाणी चढत नाही.
व्हॉल्व्हची चाबी कोणाजवळ हाय?"

खाली एक ओळ रिकामी.
मग सही.

ती रिकामी ओळही जुळली होती.
मी पुसली नाही.