करंगळी आधी

पट्टा बांधता आला नाही.
पोटाभोवती दोन वेढे, मग खालून वर,
मग उजवं टोक डाव्यावरून...
चाळीस वर्षं टोफूची पुडकी बांधलेली मी,
आणि गाठ सुटून पायाशी पडली.
नऊ वर्षांची होनोका पुढे आली,
समोरचा दात पडलेला, पट्टा हिरवा.
"आजी, आधी श्वास सोडा,"
म्हणाली, आणि माझ्यापुढे गुडघे टेकून
तिनं मला बांधलं.

इतोमानच्या धक्क्यामागे, लाँड्रीच्या वरचा मजला.
लाकडी जमीन, खारं वारं बसून आंधळ्या झालेल्या काचा,
खालच्या यंत्रांची धडधड तळव्यांतून वर येते.
झुकेरान सेन्सेई सत्तरीच्या, माझ्याहून बुटक्या.
त्यांनी विचारलंच नाही, का आलात.
मी उत्तर घोकून आले होते:
गुडघ्यांसाठी. डॉक्टर म्हणाले.
ते तसंच जिभेखाली राहिलं,
विरघळत.

"उभ्या राहा."
तीन आठवडे मी नुसती उभी राहिले.
पायांचे अंगठे आत, गुडघे किंचित सैल,
होडीत उभं राहतात तसं.
मला वाटायचं, एवढं तरी येतं मला.
सगळा जन्म उभ्यानंच गेला,
चुलीपुढे, दुकानात,
इस्पितळाच्या पाचव्या मजल्यावरच्या त्या खिडकीपाशी.
सेन्सेईंनी एक बोट खांद्याला टेकवलं
आणि मी थेट भिंतीपर्यंत गेले.

मग मूठ.
करंगळी आधी. मग तिच्या शेजारची.
मग मधलं, मग तर्जनी,
अंगठा बाहेरून, कुलपासारखा.
झाकली मूठ सव्वा लाखाची म्हणतात,
माझी झाकेचना.
पहाटे तीनला ऊन ऊन टोफू उचलायचा
तर तळहात उघडाच लागतो.
बोटं जराशी वळली की कड तुटते,
तुटका कोण विकत घेणार?
तो आमचा. माझा आणि कोएईचा.
चाळीस वर्षं हाताला एकच धडा:
धर, पण आवळू नकोस.
शेवटच्या रात्री त्याचाही हात
मी तसाच धरला होता.

हे मी सेन्सेईंना सांगितलं नाही.
त्यांनी माझी बोटं एकेक करून मिटली,
पुन्हा उघडली, तळव्यावरचे भाजल्याचे डाग बघितले,
आणि पुढच्या मुलाकडे गेल्या.

"आता ओरडा. पोटातून."
मुलं ओरडली, काचा थरारल्या.
माझ्या पोटातून भलतंच काही निघालं,
लांबलचक, शेवटाला वर चढणारं.
कोएई कानानं अधू.
मागच्या अंगणात जाळं सांधत बसायचा,
जेवायला मी त्याला हाक घालायची
ती चार घरं पलीकडे ऐकू जायची.
तीच ही.
दोन वर्षं कुठे होती कोण जाणे.
मुलं हसली.
होनोकानं दाताच्या फटीवर हात धरला.
सेन्सेई हसल्या नाहीत, जवळही आल्या नाहीत.
"पुन्हा," म्हणाल्या.

शेवटी ओल्या फडक्यांनी जमीन पुसायची.
मुलं ओणवी होऊन सुसाट धावतात,
या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत, शर्यतच.
माझी एक फेरी होते तोवर त्यांच्या तीन.
पण कोपऱ्यांतली धूळ मलाच दिसते.

घरी पट्टा दोरीवर वाळत घातला.
कडक आहे अजून, पुठ्ठ्यासारखा,
जिथे होनोकानं गाठ मारली होती
तिथे एक वळी राहिली आहे.

पहाटे तीन.
वाफेत दिवा पिवळा दिसतो.
पहिला टोफू उचलून फळीवर ठेवते,
कड शाबूत.
मग ओला हात डोळ्यांपुढे धरते.
करंगळी मिटते.
तिच्या शेजारची मिटते.
मधलं अजून ऐकत नाही.