मेंजियाचा हिशेब

एंगाडिनच्या या टोकाला, जिथे रस्ता संपून खेचरवाट लागते,
मेंजिया पाहुण्याला आधी खोली दाखवत नाही,
नळ दाखवते.
तीन मिनिटं, म्हणते. त्यातलं एक साबणाचं.

चादर चौथ्या दिवशी. कचरा ज्याचा त्याने खाली न्यायचा.
दिवे साडेनवाला जातील,
छपरावरच्या काचांना आज ढगच मिळाले खायला.

काल एकाने विचारलं, आंघोळीला टब?
तिने त्याला मागच्या दारी नेलं.
काळा रबरी पाइप, दगडांतून वर वर गेलेला,
जागोजागी सांधलेला:
हा सासऱ्यांचा, हा माझ्या लग्नाच्या वर्षीचा,
हा दुरीने गेल्या जुलैत जोडला, सव्वीस मीटर.
हिमनदी मागे सरते, आम्ही पाइप लांबवतो,
म्हणाली,
आणि एका सांध्यातली गळती अंगठ्याने दाबून पाहिली.

रात्री कालच्या पावाचं सूप,
वर चीजची कडक साल किसलेली.
चुलीतली राख डब्यात,
पहाटे निसरड्या पायरीवर टाकायला.

सव्वानऊ. बॅटरीत अकरा टक्के.
टबवाला उठला, जिना चढला,
थोड्या वेळाने त्याच्या खिडकीतला उजेड
आपणहून गेला.

मेंजियाने वर पाहिलं नाही.
कणकेवर ओलं फडकं टाकलं
आणि अंधारातच बोटांवर
उद्याची तोंडं मोजली.