ग्रॅव्हिडा चार

निवतीच्या उपकेंद्रात, मंगळवारी,
वजनकाट्यावर चढायच्या आधी सुगंधा मेथर
चपला काढते, पिशवी खाली ठेवते,
मग विचारते, मंगळसूत्र पण काढू?
काट्याला खारी हवा लागलीय,
दीड किलो तो स्वतःचंच सांगतो.

मी कार्डावर लिहिते:
जी चार, पी एक, ए दोन.
"ह्या काय गो सिस्टर, होडयेचो नंबर?"

सावंतवाडीच्या आल्मेडा मेट्रन
सुई टोचताना लॅटिन पुटपुटायच्या.
शब्द उघडून बघायला त्यांनीच शिकवलं,
तिसऱ्या उघडाव्यात तसे,
विळीच्या पात्यावर, बोट सांभाळून.

ग्रॅव्हिडा म्हणजे जड झालेली.
"भरलेली होडी," सुगंधा म्हणाली,
"पाण्यात खाली बसता ती."
तीच.
पॅरा म्हणजे जिनं बाहेर आणलं.
आणि वार असते ना आपली, ती प्लासेंटा,
म्हणजे चपटी पोळी.
"घावन?"
इतकी हसली की बीपी पुन्हा घ्यावं लागलं.

मग तिचं बोट ए-वर थांबलं.

'पात' असलेला आपला शब्द
माझ्या जिभेवर तयारच होता.
पण मेट्रननी वहीत लिहून दिलं होतं,
अबॉर्टस: उगवता उगवता मावळलेला.

तिनं खिडकीबाहेर बघितलं.
आमच्याकडे सूर्य डोंगरामागून येतो,
उगवताना कुणाला दिसत नाही.
मावळतो मात्र सगळ्यांदेखत, पाण्यात.

"सासू सांगता, दुसरी खेप."

मी काही बोलले नाही.
रिकामी झाली, मोकळी झाली, वाया गेलं:
आपले शब्द ओलं फडकं घेऊनच बसलेले.
जी-चा आकडा तेवढा वाढतो,
कमी कधी होत नाही.
एकदा जड झालेली ती झालेली,
होडी किनाऱ्याला लागो, न लागो.

"ही भाषा बोलतत खय?"
कुठंच नाही. मेली ती.
"मेली, तरी बरी मोजता."

बांगड्यांच्या पिशवीत नको म्हणून
कार्ड तिनं वेगळं धरलं, दोन बोटांत.
फाटकापर्यंत गेली, परत आली.
"तां चार जरा ठसठशीत लिव.
शाय फिकी आसा तुझी."

मी गिरवलं. परत गिरवलं.
कार्ड उलटं केलं तर
मागच्या बाजूलाही हाताला लागत होतं.