हवेचा दाब

सकाळी सहाला सड्यावर कुणी नसतं.
वॉचमन पेडणेकर, त्याचा खरखरता रेडिओ,
आणि जांभ्याच्या गडग्यावर वाळत टाकलेल्या
वॉर्डातल्या तीन हिरव्या चादरी.

जाड काँक्रीटला वळसा घालून मी आत जाते.
पाण्याचं टाकं भरते, लेव्हल बघते,
दहा सेंटिमीटर खाली चेंबर धरते:
बोटाच्या पेराएवढी नळी,
तिच्यात चिमूटभर हवा.
किरण जातो, हवा थोडी तुटते,
तुटली किती ते बाहेरच्या डब्यावर उमटतं.

आई विचारते, तू डाक्टर हायस का गो?
नाही.
नर्स?
नाही गो.
मग दिवसभर करतेस काय?
मोजते.
मग ती हसते. तिने तीस वर्षं
मिरकरवाड्याच्या जेटीवर हेच केलं.
सुरमई नुसती हातावर तोलायची, म्हणायची पावणेदोन,
आणि काटा लाजून पावणेदोनवर थांबायचा.

माझी रेसिडेन्सी, आठवा महिना.
माझ्या वहीत मुकादम मॅडमची लाल शाई,
शिवी नाही, ओरडा नाही,
दर पानावर एकच ओळ:
कुठून आला हा आकडा?

ऑक्टोबर संपत आलेला. महिन्याचं मोजमाप.
उत्तर आलं एक पूर्णांक चार टक्के कमी.
दोनपर्यंत चालतं.
मी "ठीक" लिहिलं, सही केली,
चहाला जायला निघाले.

मॅडम दारातच. हातात डबा, बुरख्याच्या कडेला लाल चिखल.
वही वाचली. म्हणाल्या,
चालतं ते मलाही माहीत आहे, शिवलकर.
कमी का आलं?

मी केबल बदलली. अंतर पुन्हा मोजलं.
टाक्यात पाणी पेलाभर वाढवलं, पेलाभर काढलं.
थर्मामीटर पुसला.
मशीनच उतरलंय, म्हटलं, चढवूया का थोडं?
मॅडम डब्यातली घावन मोडत होत्या.
दाब किती घेतलास?

नऊशे अठ्ठ्याण्णव.
कधीचा?

कालचा.
कालच्या पानावरून उतरवलेला,
कारण इथली हवा कधी फारशी हलत नाही,
कारण बॅरोमीटर दुसऱ्या खोलीत,
कारण चहा.

जाऊन पाहिलं. नऊशे चौऱ्याऐंशी.
काचेवर नखाने टकटक केली,
काटा अजून जरासा खाली बसला.

मशीन जिथल्या तिथे होतं.
हवाच विरळ झाली होती,
सड्यावरची, खाडीवरची,
आणि त्या पेराएवढ्या नळीतलीही.
मी चढवलं असतं तर आज
बेचाळीस माणसांना एक पूर्णांक चार जास्त गेलं असतं.
एवढ्याने काय होतं? मॅडमना विचारलं.
माहीत नाही, त्या म्हणाल्या. हात धू, पुन्हा मोज.

मोजताना मधेच हात थांबला.
एका रात्रीत चौदा.
बाहेर पळत येऊन बाबल्याला फोन लावला.
तो म्हणाला, अगो, पहाटेच वढल्या होड्या वर.
तुझ्या मशीनला आत्ता कळला काय?

साडेआठला पहिला पेशंट, जयगडचे तांडेल तात्या.
घसा. तेविसावा दिवस, अजून दहा.
आवाज गेलाय, पाटीवर लिहितात.
चेहऱ्यावर जाळीचा मुखवटा बसवला,
खटके लावले, खट, खट,
जाळ्यातून मला बघत
त्यांनी तळहात उचलला आणि सावकाश उलटा केला.
वारा फिरला.
हो, म्हटलं. हलू नका.

दार बंद. बीम ऑन.
बाहेर पडद्यावर तात्या स्तब्ध,
नुसती छाती वरखाली.
वहीत नवा दाब, नवा गुणक, नवं उत्तर,
आणि लाल शाई यायच्या आधीच
समासात लिहून टाकलं:
समुद्राकडून.

दुपारी पेडणेकर चादरी काढायला धावला.
दोन मिळाल्या.