पाहुणा ४१७

निहालनं कुठूनशा पाच ओळी आणून चिकटवल्या
आणि माझ्या पानाच्या उजव्या कोपऱ्यात, खाली,
एक हिरवा ठिपका उगवला.
कुमुद खोब्रागडे आत्ता उपलब्ध आहेत.
"कोणी आलं का टुंग वाजन, मावशी,"
म्हणाला, आणि चहा अर्धा टाकून
मिहानच्या कॅबमागे धावला.

माझी वेबसाइट म्हणजे काय,
रस्ते रुंद करताना गेलेली झाडं.
नाव, ठिकाण, घेर, मिळाला तर फोटो.
काटोल रोडचा शिरीष.
खामल्याची चिंच, जिच्या बुंध्याला
पंक्चरवाल्याचा पंप साखळीनं बांधलेला असायचा.
दोनशे एकसष्ट.

आठ दिवस काही वाजलं नाही.
मग एक जण: जास्वंदीचं रोप केवढ्याला?
मग निहालच, ऑफिसातून: टेस्टिंग.

मे महिना. रात्री साडेबारा.
कूलरच्या टाकीत तिसरी बादली ओतून आले तर
टुंग.
पाहुणा ४१७. नागपूर.
पान: मानेवाड्याचा कडुनिंब.
अडतीस मिनिटांपासून तिथंच.

आणि खिडकीत करडी अक्षरं येऊ लागली:
हे झाड आमच्या गँगनं पाडलं
थांबली.
मशीन माह्याच हातात होती
वर घारीचं घरटं होतं
साहेबाले म्हटलं होतं चार दिवस थांबा
मग शेवटापासून एकेक अक्षर
मागं मागं जात
सगळं पुसलं गेलं.
पाठवलेलं आलं ते काळ्यात:
फोटू छान आहे.

तेव्हा आठवलं, निहाल जाता जाता म्हणाला होता,
लोक पाठवायच्या आधी काय लिहितात
ते तुम्हाला दिसते मावशी,
त्यांना पत्ता नसते.

एकतीस वर्षं मी ट्रंक एक्स्चेंजला काढली.
कानाला हेडफोन, समोर दोऱ्या आणि भोकं.
पहिल्याच दिवशी किनखेडे मॅडमनी सांगितलेलं:
किल्ली मागं ओढली की ऐकू येते.
ऐकलेलं आपलं नसते.
गोंदियात कोणाचा बाप गेला,
बालाघाटला कोणाची सोयरीक मोडली,
मला सगळं माहीत, आणि माझं वाक्य एकच:
तीन मिनिटं झाली, वाढवू का?

आता मी लिहिलं, तुम्ही
आणि खोडलं.
लिहिलं, पिल्लं होती का घरट्यात
हे तर लगेच खोडलं.
माझं खोडलेलं त्याला दिसत नव्हतं.
काच एकाच बाजूनं काच होती.

शेवटी पाठवलं:
धन्यवाद. या झाडाचा घेर माझ्याकडं नाही.

कूलरचा पंप गुरगुरला, पाणी चढलं, वाळ्याचा वास सुटला.
पलीकडं करडं काहीच उमटेना.
मला वाटलं, गेला.

साडेअकरा फूट.
मग: छातीच्या उंचीवर.
मग, बराच वेळानं:
दोरीनं मोजला होता, आदल्या दिवशी.

आणि ४१७ यादीतून निघून गेला.

मी रिकामा रकाना भरला.
त्याच्या शेजारी एक रकाना असतो, माहिती कोणी दिली.
तिथं नगरसेवक, शेजारी, एक निवृत्त वनपाल असे लोक आहेत.
मी लिहिलं, एक पाहुणा.

सकाळी निहालला म्हटलं, ते आधी दिसायचं बंद करून दे.
"काहून? कामाची चीज आहे ना ते."
म्हटलं, राहू दे बाप्पा.
त्यानं दात घासता घासताच मोबाइलवरून बंद केलं.

आता कोणी लिहायला लागलं
की नुसती तीन टिंबं हलतात.
हलतात, थांबतात, परत हलतात.
मी चष्मा काढून पदरानं पुसते.
तीन मिनिटं होऊन जातात
आणि मी काही म्हणत नाही.